बॉक्स्टर ९८६ चा टप अर्ध्यात अडकतोय? मोटर बदलायच्या आधी हे बघा

गेल्या महिन्यात परत तोच फोन. ओळखीतल्या एकाने सेकंडहँड बॉक्स्टर घेतली, पोर्शेची कापडी टपाची दोन सीटांची गाडी, २००१ ची २.७ लिटरची, पहिल्याच रविवारी बायकोला बाजूला बसवून निघाला, सिग्नलच्या अलीकडे गाडी थांबवून बटण दाबलं, टप अर्धा उघडला आणि तिथेच उभा राहिला, वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्रीसारखा. आणि हे इंग्लंड, म्हणजे पाऊस येणार की नाही हा प्रश्नच नाही, किती वाजता येणार एवढंच. गॅरेजवाल्याने काहीही न उघडता सांगून टाकलं की मोटर गेली, आणि आकडा असा सांगितला की तेवढ्यात आपल्याकडे बरी स्कूटर येईल. मी गेलो, मागे टॉर्च मारून बघितलं तर सुपारीएवढी प्लॅस्टिकची वाटी तुटून खाली पडलेली. बस एवढंच.

माझ्याकडे स्वतःची ९८६ बरीच वर्षं आहे आणि आजूबाजूच्या लोकांच्या धरून हा टप मी आठ-नऊ वेळा तरी सोडवलाय. त्यात मोटर खरोखर मेलेली फक्त एकदा सापडली. म्हणून हे एकदाच सगळं लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

हे सगळं ९८६ साठी आहे, म्हणजे १९९६ ते २००४ ची पहिली बॉक्स्टर. हिचा टप इलेक्ट्रिक आहे, हायड्रॉलिक नाही. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या कन्व्हर्टिबलवाल्याने, म्हणजे टप उघडणारी गाडी असलेल्याने, ऑइल टॉप-अप कर, पंप बघ असं सांगितलं तर मान हलवा आणि सोडून द्या, हिच्यात पंपच नाहीये. नंतरच्या ९८७ ची, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या बॉक्स्टरची, रचना बरीचशी अशीच आहे पण तिचा टप गाडी हळू चालू असताना पण हलतो, हिचा नाही.

आधी हे चालतं कसं ते दोन ओळीत, नाहीतर पुढचं कळणार नाही. इग्निशन चालू पाहिजे, हँडब्रेक ओढलेला पाहिजे, आणि समोरच्या काचेच्या वर मधोमध जी कडी आहे ती हाताने सोडलेली पाहिजे. हे जमलं की दारांच्या काचा थोड्या खाली येतात आणि मग डॅशवरचं बटण दाबून धरायचं. सीटांच्या मागे मधोमध एकच मोटर आहे. तिच्यातून दोन लवचिक केबल निघतात, एक डावीकडे एक उजवीकडे, अगदी जुन्या स्कूटरच्या स्पीडोमीटर केबलसारख्या, आतली तार गोल फिरते. प्रत्येक बाजूला एक छोटा गिअरबॉक्स, त्याला लोखंडी लिव्हर, लिव्हरला दांड्या, दांड्यांच्या टोकाला प्लॅस्टिकच्या वाट्या ज्या गोळ्यांवर दाबून बसवलेल्या असतात. या दांड्या मागचं झाकण उचलतात, टप त्याच्याखाली घडी होऊन बसतो, झाकण परत खाली. सगळं मिळून बारा सेकंदांच्या आसपास.

आता लक्षणं. तुमचं कुठलं ते ओळखा कारण अर्धं निदान इथेच होतं.

बटण दाबलं तर काहीच नाही, काचा पण हलत नाहीत, सगळं शांत.

काचा खाली येतात पण टप ढिम्म.

कुठूनतरी टिक असा आवाज येतो आणि पुढे काही नाही.

मोटरची घरघर स्वच्छ ऐकू येते पण टप किंवा झाकण, दोन्हीपैकी एक किंवा दोन्ही, जागचे हलत नाहीत.

टप तिरका जातो, एक बाजू पुढे एक मागे, झाकणसुद्धा वाकडं उघडतं.

टप नीट उघडतो, नीट बंद होतो, पण डॅशवरचा टपाचा दिवा विझतच नाही.

आणि एक लक्षण जे लोक टपाशी जोडतच नाहीत, पावसानंतर पायाखालचं कार्पेट ओलं.

काहीही हात लावायच्या आधी एक गोष्ट, आणि ही मी प्रत्येकाला फोनवर पहिली सांगतो: बटण सोडा. माणसाची खोड असते, लिफ्ट येत नाही म्हणून बटण दहा वेळा दाबायची, तेच इथे करतात. लिफ्टला काही होत नाही, इथे होतं. एका बाजूची वाटी निघालेली असेल आणि तुम्ही बटण दाबून धरलंत तर दुसरी बाजू एकटी ओढत राहते, मग दांडी वाकते, मग लिव्हर, मग झाकणाचे बिजागर, आणि दोन-चार पाउंडांचं काम हजाराकडे जातं. ज्या गाड्या मी हात जोडून परत पाठवल्या त्या सगळ्या अशाच होत्या, म्हणजे मूळ बिघाड बारीक होता, बाकीचं मालकाने बटण दाबून दाबून केलं होतं.

दुसरं, टपाच्या सांगाड्यात हात घालायच्या आधी इग्निशन बंद आणि चावी तुमच्या खिशात. मित्राच्या हातात नाही, तुमच्या खिशात. मित्र उत्साही असतात. तो सांगाडा कात्रीसारखा मिटतो आणि मध्ये बोट आहे का हे त्याला कळत नाही.

चला, फुकटातलं आधी.

इंजिन चालू करून बघा. हसू नका. ही गाडी बहुतेकांकडे दुसरी गाडी असते, हिवाळाभर कव्हरखाली उभी, बॅटरी अर्धमेली. स्टार्टर कसाबसा फिरतो म्हणून लोकांना वाटतं बॅटरी ठीक आहे. मल्टिमीटर असेल तर बघा, उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास मिळतात आणि तेव्हा टप नीट चालला तर विषय संपला, बॅटरी चार्ज करा किंवा बदला. हे पहिलं बघायचं कारण एवढंच की कमी व्होल्टेजवर बाकीच्या सगळ्या चाचण्या खोटं बोलतात, रिले, म्हणजे मोटरला करंट जोडणारा विजेवर चालणारा स्विच, टिकटिक करतो, मोटर रडते, आणि तुम्ही चांगले पार्ट बदलत बसता.

मग हँडब्रेक. ओढा आणि डॅशवर लाल दिवा लागतो का बघा. लिव्हरच्या मुळाशी एक छोटा स्विच असतो, तो दबला-सुटला नीट नाही तर गाडीला वाटतं हँडब्रेक लावलेलाच नाही आणि टप हलवायला परवानगीच मिळत नाही. कधीकधी एक दात आणखी वर ओढला की दिवा लागतो आणि टप पण चालतो. तसं झालं तर हँडब्रेक ॲडजस्ट करायची वेळ झालीये असं समजा. काही लोक या स्विचची वायर तोडून चालत्या गाडीत टप उघडायचा जुगाड करतात. सेकंडहँड गाडी असेल तर आधीच्या मालकाने असं काही केलंय का ते बघा, इन्सुलेशन टेपचा गोळा दिसला की समजायचं.

आता कडी. इग्निशन चालू ठेवून कडी सोडली की दारांच्या काचा खाली यायला पाहिजेत. आल्या नाहीत तर कडीतला मायक्रोस्विच बघा. ही माझी सगळ्यात आवडती चाचणी आहे कारण काही न उघडता गाडी स्वतः सांगते की तिला कडी सुटल्याचं कळलं की नाही. मायक्रोस्विचची छोटी पत्ती बोटाने दाबून बघा, बारीक क्लिक आला पाहिजे. धुळीने, ओलीने तो चिकटतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, वीस-पंचवीस वेळा पत्ती दाबा-सोडा. पत्ती वाकली असेल तर केसभर सरळ करा, जोर लावलात तर तुटेल. माझ्या स्वतःच्या गाडीत हाच होता, आणि मी येडा तीन आठवडे वायरिंगचे नकाशे वाचत बसलो होतो.

मग फ्यूज. पायाशी बाजूच्या झाकणामागे फ्यूजबॉक्स आहे, कुठला फ्यूज कशाचा ती यादी झाकणातच असते. काढून उजेडात बघा. गेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला, आणि परत लगेच उडाला तर मोठा घालू नका, कुठेतरी मोटर अडकलीये किंवा वायर घासलीये. फ्यूज ओरडून सांगतोय त्याचं तोंड दाबून काय मिळणार.

इथपर्यंत पैसा खर्च नाही झाला आणि माझ्या हिशेबाने निम्म्या गाड्या इथेच सुटतात.

आता कान. एका माणसाला बटण एकदाच, सेकंदभर दाबायला सांगा, रेडिओ बंद, इंजिन बंद, आणि तुम्ही ऐका. रिलेची टिक पण नाही म्हणजे हुकूमच पोचत नाहीये, परत हँडब्रेक, कडी, बटण इकडे या. टिक येते पण मोटर शांत म्हणजे रिलेचे कॉन्टॅक्ट जळलेत, किंवा मोटरपर्यंत करंट जात नाही, किंवा मोटर. मोटर घुमते पण टप हलत नाही म्हणजे वीज सगळी व्यवस्थित आहे, रिलेकडे बघू पण नका, बिघाड यांत्रिक आहे, केबल किंवा वाट्या. हे एवढं ऐकलं असतं तर त्या गॅरेजवाल्याने मोटर सांगितलीच नसती, कारण मोटर घुमत होती! घुमणारी मोटर मेलेली कशी असेल राव.

रिलेचं सांगतो. टप उघडायला आणि बंद करायला मोटर दोन दिशांना फिरते, त्यामुळे हा जोडरिले असतो. म्हणूनच एक गंमत होते, टप उघडतो पण बंद होत नाही, किंवा उलट. असं दिसलं की रिलेवर पहिला संशय. वीस वर्षांचा रिले उघडून बघा, आतल्या पट्टीवर सोल्डरला बारीक गोल तडा दिसतो कधीकधी, सोल्डरिंग येत असेल तर परत डाग लावा, चालतो. नसेल येत तर नवीन घ्या, पार्ट नंबर जुन्यावरचा बघूनच घ्या. दिसायला सारखा म्हणून दुसऱ्या गाडीचा खोचू नका.

मल्टिमीटर असेल तर मोटरच्या प्लगवर व्होल्टेज बघता येतं. बटण उघडायच्या बाजूला दाबल्यावर बारा, बंद करायच्या बाजूला दाबल्यावर उणे बारा, अशी दिशा बदलली पाहिजे. दोन्हीकडे व्होल्टेज येतंय आणि तरी मोटर हूं की चूं करत नाही, तेव्हाच मोटर गेली म्हणायचं. त्याआधी कुणीही म्हणालं तरी नाही.

आता मुख्य विषय, त्या प्लॅस्टिकच्या वाट्या. झाकण उघडं असेल तर दोन्ही बाजूंना टॉर्च मारा, दांडीचं टोक हवेत लोंबकळतंय का, प्लॅस्टिकला तडा आहे का, गोळी रिकामी दिसतेय का. दोन्ही बाजू बघा, कारण एक तुटली की दुसरीवर तेवढा काळ सगळा भार आलेला असतो. ह्या वाट्या का तुटतात? एक म्हणजे वय, इंजिन याच गाडीत टपाच्या खालीच आहे, वर्षानुवर्षं उष्णता खाऊन प्लॅस्टिक ठिसूळ होतं. दुसरं म्हणजे इंजिनपर्यंत पोचायला टप सर्व्हिस पोझिशनमध्ये उभा करावा लागतो आणि त्यासाठी ह्याच वाट्या दर वेळी गोळ्यांवरून उचकटून काढतात. गेल्या वर्षी सर्व्हिसिंग झालं आणि त्यानंतर टप कुरकुरायला लागला असं कुणी सांगितलं की मी सरळ वाट्या बघतो.

तुटलेली वाटी बदलणं सोपंय. दांडी तशीच ठेवून टोक आटे फिरवून निघतं, पण काढायच्या आधी किती आटे आत आहेत ते मोजा किंवा मार्करने खूण करा. लांबी बदलली की टप तिरका बसणार. बाजारात धातूच्या वाट्या मिळतात, खूप लोक त्याच लावा म्हणतात. माझं मत थोडं वेगळं आहे. प्लॅस्टिकची वाटी तुटते तेव्हा ती फ्यूजचं काम करते, ती तुटली नाही तर पुढचं काहीतरी तुटेल, आणि पुढचं म्हणजे लिव्हर आणि गिअरबॉक्स, जे महाग आहे. मी प्लॅस्टिकच लावतो आणि दोन जास्तीच्या ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवतो. यावर माझं आणि एका मित्राचं भांडण झालंय, त्याने धातूच्या लावल्यात, त्याच्या अजून चालतायत, सांगून ठेवतो.

रस्त्यात अडकलात आणि पाऊस आला तर यातच उपाय आहे. चावी खिशात, दोन्ही बाजूंच्या वाट्या पान्याच्या टोकाला फडकं गुंडाळून हळूच उचकटा, मग टप मोटरपासून मोकळा होतो. दोन माणसांनी दोन बाजूंनी एकाच वेळी पुढे आणायचा, कडी लावायची, झाकण हाताने खाली. एकट्याने करू नका, एका बाजूने ओढला की सांगाडा पीळ खातो.

वाट्या सगळ्या जागेवर आहेत आणि मोटर घुमते तरी काही होत नाही, किंवा एकच बाजू चालते, तर केबल. आतल्या तारेची टोकं चौकोनी असतात, ती मोटरमध्ये आणि गिअरबॉक्समध्ये बसतात. वयाने टोकं झिजून गोल होतात किंवा केबल थोडी मागे सरकते आणि टोक पूर्ण आत बसत नाही, मग ते कधी पकडतं कधी सुटतं. म्हणजे सकाळी चालला, दुपारी नाही, संध्याकाळी परत चालला, असा वेड लावणारा प्रकार. केबल बाहेर काढून टोक बोटाने चाचपा. कोपरे गुळगुळीत झाले असतील तर बदला, आणि बदलायची तर दोन्ही बदला.

टप तिरका जात असेल तर एक बाजू दुसरीच्या पुढे गेलीये. एका बाजूची केबल सोडून तेवढीच बाजू फिरवून दुसरीच्या बरोबर आणायची, दोन्ही लिव्हरची जागा सारखी दिसली पाहिजे, मग केबल परत. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा अख्खा शनिवार गेला. दुसऱ्या वेळी तास. धीर नसेल तर हे सोडा, खरंच.

दिवा विझत नाही त्याचं काय? टप पूर्ण उघडलाय की पूर्ण बंद झालाय हे सांगणारे मायक्रोस्विच मागे सांगाड्याच्या बाजूला पण आहेत. स्वच्छ करा, वायर कुठे चेपली नाही ना बघा.

कापडाकडे पण बघा. टपाच्या आत दोन्ही बाजूंना इलास्टिकचे पट्टे असतात, घडी होताना ते कापड आत ओढून घेतात. जुन्या चड्डीसारखे ते सैल पडतात, मग कापड बाहेर लोंबतं आणि झाकणाच्या कडेत सापडून फाटतं. पट्टे स्वस्त, कापड महाग, हिशेब सोपा. आणि मागची काच प्लॅस्टिकची असेल, म्हणजे २००३ मॉडेलच्या आधीची गाडी असेल, तर थंडीत टप उघडू नका, ती कडक होऊन तडकते. उघडताना टप अर्ध्यावर थांबवून काचेची घडी मधोमध हाताने आत ढकलून द्यायची, म्हणजे चुरगळत नाही. हिवाळाभर टप उघडा ठेवून दिला तर कापड आक्रसतं आणि कडी पोचतच नाही. उन्हात तासभर ठेवा, मग ओढा.

आणि आता ओलं कार्पेट, जे मी सगळ्यात गंभीर समजतो. झाकणाच्या खाली दोन्ही कोपऱ्यांत पाणी जायची भोकं आहेत, तिथून नळ्या खाली जातात. इथे ऑक्टोबरमध्ये झाडं पानं गाळतात, तो पालापाचोळा तिथे कुजून चिखल होतो, नळी तुंबते, पाणी सरळ केबिनमध्ये. आणि या गाडीत इमोबिलायझरचा, म्हणजे चुकीच्या चावीने गाडी चालू होऊ न देणाऱ्या सिस्टिमचा, कंट्रोल बॉक्स सीटखाली फरशीवर आहे! तो भिजला की गाडी चावीच ओळखत नाही. टपाचा बिघाड म्हणून आलेली एक गाडी शेवटी टोइंगवर गेली ती यामुळे. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी मिळते, ती हळूहळू आत सरकवा, मग तांब्याने थोडं थोडं पाणी ओतून गाडीच्या खाली टपकतंय का बघा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आतल्या आत जोडातून निसटते आणि मग पाणी कुठे जातंय ते शोधायला अर्धी गाडी उघडावी लागते. मी वर्षातून दोनदा करतो, पानगळीच्या मध्ये एकदा आणि संपल्यावर एकदा.

कार्पेट भिजलेलं सापडलं तर इग्निशन चालू करू नका, आधी बॅटरी काढा, मग सुकवा. सीट काढायची असेल तरी बॅटरी आधी, कारण सीटखाली सुरक्षेच्या सिस्टिमच्या वायरी आहेत आणि चालू इग्निशनवर प्लग काढलात तर एअरबॅगचा दिवा लागून बसतो.

थांबायचं कुठे? दांडी किंवा लिव्हर वाकलेला दिसला, थांबा. झाकणाचं बिजागर वाकलं असेल, दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या नसतील, थांबा. गिअरबॉक्समधून कडकड आवाज येतोय म्हणजे आतले दात गेले, थांबा. एअरबॅगचा दिवा लागला, इमोबिलायझर भिजला, फ्यूज परत परत उडतोय, थांबा. कापड बदलायचं काम तर घरी करूच नका, मी एकदा जवळून बघितलंय, ते शिंप्याचं आणि सुताराचं मिळून काम आहे. यासाठी साधं गॅरेज नको, कन्व्हर्टिबलचे टप शिवणारे ट्रिमर असतात त्यांच्याकडे जा, वायरिंगचं असेल तर याच कंपनीच्या गाड्या करणाऱ्या स्वतंत्र मेकॅनिककडे. फोन करताना "टप चालत नाही" एवढंच सांगू नका. काचा खाली येतात की नाही, टिक येते की नाही, मोटर घुमते की नाही, कुठली बाजू मागे राहते, वाट्या जागेवर आहेत की नाही, ही पाच उत्तरं तयार ठेवा. ऐकून समोरचा तरीही बघायच्या आधीच मोटर म्हणाला, तर फोन ठेवा आणि दुसरा नंबर लावा.